उद्याची भिशी आज उचलणारे संघ



विषय बघून काही जणी म्हणतील, काकूंना अमेरिकन फुटबॉल कुठून सुचला? पण आपल्यापैकी कितीतरी जणींची मुलं, सुना, जावई तिकडे आहेत. सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत कधी त्यांच्याकडे राहिलं की रविवारची दुपार या खेळाचीच असते. घरातले सगळे टीव्हीसमोर, आणि आपण एकट्या स्वयंपाकघरात. माझी लेक नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला राहते. नातवाला तिथल्या पँथर्स संघाचं वेड. त्याच्याशी बोलायला काहीतरी विषय हवा म्हणून मी हे समजून घ्यायला लागले. खेळाचे सगळे नियम मला आजही कळत नाहीत, पण त्यामागचा व्यवहार मात्र चांगला कळला. बी.कॉम.ची पदवी कुठेतरी उपयोगी पडायला हवीच ना!

आज लिहायचं आहे ते या व्यवहाराबद्दल. तिथले संघ एक तरणा खेळाडू मिळवण्यासाठी पुढच्या दोन-तीन वर्षांची पुंजी एका दिवसात उधळतात. माझ्या मते यात हिशेब तर चुकतोच, पण त्याहून वाईट म्हणजे त्या हिशेबाचं ओझं एका वीस-बावीस वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर पडतं.

आधी थोडं समजून घेऊ. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. चेंडू अंडाकृती, आणि तो बहुतेक वेळ हातातच असतो. मैदानावर एका संघाचे अकरा जण. त्यातला एक क्वार्टरबॅक. प्रत्येक डावाला चेंडू आधी त्याच्या हातात येतो, आणि तो कोणाकडे फेकायचा हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवायचं, तेही समोरून धिप्पाड माणसं अंगावर धावून येत असताना. एकत्र कुटुंबात तिजोरीची किल्ली ज्या बाईकडे असते, तिच्यासारखं हे काम. बाकी सगळे कितीही कष्टाळू असोत, ती चुकली तर घराची घडी बसत नाही. म्हणून चांगला क्वार्टरबॅक मिळवायला सगळ्या संघांची धडपड चालते.

मिळवायचा कसा? आपल्या आयपीएलमध्ये लिलाव होतो, ज्याची बोली मोठी त्याला खेळाडू. तिकडच्या एनएफएलमध्ये 32 संघ आहेत, आणि कॉलेजातून येणाऱ्या नव्या मुलांसाठी दर एप्रिलमध्ये 'ड्राफ्ट' होतो. ही पद्धत 1936 सालापासूनची. सात फेऱ्या असतात. गेल्या हंगामात जो संघ सगळ्यात वाईट खेळला त्याचा पहिला नंबर, आणि जो विजेता ठरला त्याचा शेवटचा. पंगतीत सगळ्यात भुकेल्याला आधी वाढावं, तसा हा न्याय. कुठल्या गावात, कोणत्या संघात जायचं याबद्दल मुलाला कोणी विचारत नाही. ज्याने नाव पुकारलं तिकडे जायचं.

आता गंमत अशी की हे नंबर विकता येतात. तुमचा नंबर बारावा असेल आणि तुम्हाला तिसरा हवा असेल, तर तिसऱ्या नंबरवाल्याला आपला बारावा द्यायचा आणि वर पुढच्या वर्षांचे नंबरही द्यायचे. मला हे लगेच समजलं, कारण आपण लिलावाची भिशी वर्षानुवर्षं चालवत आलो आहोत. बारा जणी, महिन्याला पाच हजार, भिशी साठ हजारांची. जिला घाई आहे ती बावन्न हजारांवर पहिल्याच महिन्यात उचलते. आठ हजार सोडले, पण काम भागलं. हप्ते मात्र पुढे वर्षभर पूर्णच भरायचे. नंबर विकत घेणारा संघ हेच करतो. उद्याची भिशी आज उचलतो आणि नंतर दोन-तीन वर्षं हप्ते भरत बसतो.

फरक एकच, आणि तो मोठा आहे. आपल्या भिशीचा हप्ता ठरलेला असतो. तिकडे हप्ता केवढा पडणार हे तुम्ही पुढे किती हरता त्यावर ठरतं. हंगाम वाईट गेला की तुम्ही देऊन टाकलेला नंबर आणखी मोलाचा होतो. म्हणजे ज्या वर्षी घरात चणचण, नेमका त्याच वर्षी हप्ता दुप्पट.

तीन उदाहरणं देते.

2012 साली वॉशिंग्टनच्या संघाने सहाव्या नंबरवरून दुसऱ्यावर उडी मारली. त्यासाठी सेंट लुइसच्या रॅम्स संघाला त्या वर्षीचे पहिल्या आणि दुसऱ्या फेरीतले नंबर दिले, आणि 2013 व 2014 चे पहिल्या फेरीतले नंबरही देऊन टाकले. मुलगा आणला रॉबर्ट ग्रिफिन. पहिलं वर्ष सोन्यासारखं गेलं, वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला. जानेवारी 2013 च्या बाद फेरीच्या सामन्यात गुडघा दुखावलेला असतानाही तो खेळत राहिला, आणि गुडघा पुरता गेला. नंतर तो पहिल्यासारखा धावू शकला नाही. 2015 च्या हंगामात त्याला एकाही सामन्यात उतरवलं नाही आणि पुढच्या मार्चमध्ये संघाने त्याला सोडून दिलं. दरम्यान डिसेंबर 2014 मध्ये रॅम्स वॉशिंग्टनला खेळायला आले. नाणेफेकीला त्यांनी सहा कर्णधार पाठवले, आणि ते सहाही त्या सौद्यातून मिळालेल्या नंबरांवर घेतलेले खेळाडू होते! सामना रॅम्सने 24-0 असा जिंकला. जखमेवर मीठ म्हणतात ते हेच.

याच गोष्टीचा दुसरा भाग मला जास्त बोलका वाटतो. वॉशिंग्टनने त्याच 2012 च्या ड्राफ्टमध्ये चौथ्या फेरीत आणखी एक क्वार्टरबॅक घेतला होता, कर्क कझिन्स. नंबर 102. त्याच्यासाठी कोणाला काही जादा दिलं नव्हतं. 2015 मध्ये त्यानेच संघाला गटात पहिला आणलं. म्हणजे हवी ती वस्तू घरातच होती, साध्या डब्यात ठेवलेली.

दुसरं उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोचं. 2021 मध्ये त्यांनी बाराव्यावरून तिसरा नंबर मिळवला. मायामीला त्या बाराव्याबरोबर 2022 आणि 2023 चे पहिल्या फेरीतले नंबर आणि तिसऱ्या फेरीतला एक नंबर दिला. मुलगा ट्रे लान्स. निवड झाली त्या दिवशी त्याला एकवीस पूर्ण व्हायला काही दिवस बाकी होते. करोनामुळे आदल्या हंगामात त्याच्या कॉलेजचा एकच सामना झाला होता. इतक्या थोड्या अनुभवावर एवढी मोठी रक्कम! पुढच्या वर्षी दुसऱ्याच सामन्यात त्याचा घोटा मोडला. या संघासाठी त्याने एकूण चार सामन्यांची सुरुवात केली, आणि ऑगस्ट 2023 मध्ये संघाने त्याला चौथ्या फेरीतल्या एका नंबरच्या बदल्यात डॅलसला देऊन टाकलं. आणि त्याच्या जागी कोण आला? ब्रॉक पर्डी. 2022 च्या ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, 262 वा खेळाडू. शेवटच्या मुलाला तिकडे थट्टेने 'मिस्टर इररेलेव्हंट' म्हणतात, म्हणजे ज्याची कोणी दखलही घेऊ नये असा. त्या मुलाने फेब्रुवारी 2024 मध्ये संघाला सुपर बोलपर्यंत नेलं.

तिसरं आमच्या नातवाच्या पँथर्सचं. 2023 मध्ये त्यांनी नवव्यावरून थेट पहिल्या नंबरवर झेप घेतली. शिकागोच्या बेअर्स संघाला त्या वर्षीचे पहिल्या आणि दुसऱ्या फेरीतले नंबर, 2024 चा पहिल्या फेरीतला, 2025 चा दुसऱ्या फेरीतला, आणि वर डी. जे. मूर हा आपला सगळ्यात चांगला चेंडू झेलणारा खेळाडूही दिला. बघा हं, चेंडू फेकणारा आणायला चेंडू झेलणारा देऊन टाकला. पाटा मिळवायला वरवंटा विकण्यातलाच हा प्रकार. आलेला मुलगा ब्राइस यंग, कॉलेजातला नावाजलेला, शांत स्वभावाचा, पण या खेळाच्या मानाने अंगापिंडाने लहान. पुढे संरक्षण धड नाही, झेलायला भरवशाचा माणूस नाही. 17 सामन्यांपैकी 2 जिंकले, 15 हरले. प्रशिक्षकाला 11 सामन्यांनंतर काढलं. आणि मघाशी म्हटलं तो हप्ता? सगळ्यात वाईट खेळल्यामुळे 2024 चा पहिला नंबर पँथर्सच्या नावावर आला असता. तो त्यांनी शिकागोला आधीच देऊन टाकला होता. शिकागोने त्यावर केलेब विल्यम्स हा स्वतःचा क्वार्टरबॅक घेतला.

आता कोणी म्हणेल, असे सगळेच सौदे बुडतात का? नाही. एकतर्फी लिहिणं मला आवडत नाही, म्हणून दुसरी बाजूही सांगते. 2017 मध्ये कॅन्सस सिटीच्या चीफ्सनी 27 व्या नंबरवरून दहावा मिळवला. बफेलोला आपला 27 वा, तिसऱ्या फेरीतला एक आणि पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीतला नंबर दिला. मुलगा पॅट्रिक महोम्स. त्याने संघाला तीन सुपर बोल जिंकून दिले. फेब्रुवारी 2024 मध्ये पर्डीचा संघ ज्याच्याकडून हरला तो हाच. पुढच्या वर्षी, 2018 मध्ये, बफेलोनेही दुसऱ्या फेरीतले दोन नंबर देऊन बाराव्यावरून सातवा घेतला आणि जॉश ॲलनला आणलं. 2024 च्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला.

मग या दोघांनी वेगळं काय केलं? मी हे बराच वेळ पडताळून पाहिलं. चीफ्सनी महोम्सला आणलं तेव्हा त्यांचं घर आधीच लागलेलं होतं. आदल्या हंगामात 16 पैकी 12 सामने जिंकले होते, अँडी रीडसारखा मुरलेला प्रशिक्षक होता, ॲलेक्स स्मिथ हा अनुभवी क्वार्टरबॅक खेळत होता. त्यांनी महोम्सला जवळजवळ पूर्ण वर्ष बाजूला बसवून शिकू दिलं. त्या हंगामात तो एकच सामना खेळला. नव्या सुनेला पहिल्या दिवाळीला शंभर माणसांचा फराळ एकटीने करायला लावायचा, की सासूने वर्षभर शेजारी उभं करून हात बसू द्यायचा? बफेलोच्या ॲलनचं पहिलं वर्ष तर खराबच होतं. त्याचे 10 पास गुणांसाठी झेलले गेले आणि 12 समोरच्यांनी पळवले. पण कोणी त्याला टाकाऊ ठरवलं नाही. प्रशिक्षक बदलले नाहीत, आणि 2020 मध्ये त्याच्यासाठी स्टेफॉन डिग्ज हा चांगला झेलणारा आणून दिला. पँथर्सनी केलं त्याच्या बरोबर उलट.

दुसरं म्हणजे, चीफ्सनी पुंजी मोडली पण कंबर मोडली नाही. तीन वर्षांचे नंबर त्यांनी दिले नव्हते.

तरी इतके संघ तोट्याचा सौदा का करतात? इथे माझ्यातली वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी जागी होते. पहिलं कारण पैशाचं, आणि ते खरं आहे. 2010 साली पहिल्या नंबरच्या सॅम ब्रॅडफर्डला 5 कोटी डॉलरची हमी मिळाली होती. 2011 मध्ये नव्या मुलांच्या पगारावर मर्यादा आली आणि पहिल्या नंबरच्या कॅम न्यूटनचा चार वर्षांचा पूर्ण करारच सुमारे 2.2 कोटींचा झाला. मुरलेल्या क्वार्टरबॅकचा भाव मात्र वाढतच गेला. महोम्सने 2020 मध्ये दहा वर्षांचा 45 कोटी डॉलरचा करार केला. प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चाला वरची मर्यादा असते. म्हणून नवा मुलगा चांगला निघाला तर चार वर्षं तो स्वस्तात मिळतो आणि वाचलेल्या पैशात बाकीचा संघ उभा राहतो. हा हिशेब बरोबर आहे, पण तो 'चांगला निघाला तर' या तीन शब्दांवर उभा आहे.

हे 'तर' मोजण्याचा प्रयत्न केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन अभ्यासकांनी केला. थेलर यांना 2017 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांना असं आढळलं की एकाच जागेसाठी लागोपाठ निवडलेल्या दोन खेळाडूंपैकी आधी निवडलेला जास्त चांगला निघण्याचं प्रमाण शंभरात सुमारे 52 आहे. म्हणजे छापा-काट्यापेक्षा जेमतेम बरं! आणि पुढच्या वर्षीचा नंबर आज वापरण्यासाठी संघ जी किंमत मोजतात तिचं व्याज काढलं, तर ते वर्षाला शंभर टक्क्यांच्याही वर जातं. गावातला सावकारही एवढं घेत नसेल.

दुसरं कारण मला जास्त खटकतं. सौदा करणारा माणूस आणि हप्ते भरणारा माणूस बहुतेक वेळा वेगळे असतात. संघ हरत असतो, व्यवस्थापकाची खुर्ची डळमळत असते. यंदा काही केलं नाही तर तो पुढच्या वर्षी नसणारच. मग तीन वर्षांनंतरचा नंबर जपून ठेवून त्याला काय मिळणार? तो आलेल्या दुसऱ्याच कोणाच्या कामी येणार. घरातही हे आपण पाहिलेलं आहे. मोठेपणासाठी कर्ज काढणारा एक, आणि फेडणारी पुढची पिढी. पँथर्सचा सौदा करणारा व्यवस्थापकही जानेवारी 2024 मध्ये गेला. हप्ते राहिले.

पण व्यवस्थापक दुसरीकडे नोकरी धरतो, संघाला पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा नंबर मिळतो. सगळ्यात जास्त किंमत मोजतो तो मुलगा. त्याने कोणाला सांगितलं होतं की माझ्यासाठी तीन वर्षांचे नंबर द्या? किंमत दुसऱ्यांनी ठरवली, सौदा दुसऱ्यांनी केला, आणि तो खराब खेळला की वर्तमानपत्रांत, टीव्हीवर, घरोघरच्या सोफ्यांवर त्याच्या प्रत्येक चुकीपुढे तो आकडा लिहिला जातो. 2024 मध्ये यंगला दोनच सामन्यांनंतर बाहेर बसवलं. तेव्हा नातू फोनवर म्हणाला, "आजी, तो बस्ट आहे." बस्ट म्हणजे फुसका बार. मी त्याला विचारलं, "अरे, तो तेवीस वर्षांचा आहे. तुझा मामा तेवीसाव्या वर्षी काय करत होता माहीत आहे का?" पुढे त्याच्या जागी खेळणारा अँडी डाल्टन मोटार अपघातात अंगठा दुखावून बसला, यंगला पुन्हा संधी मिळाली, आणि तो आधीपेक्षा कितीतरी बरा खेळला. मुलगा तोच होता. थोडा वेळ मिळाला आणि आजूबाजूला थोडा आधार मिळाला, एवढंच.

पर्डीला हा वेळ आणि मोकळीक फुकट मिळाली, कारण त्याच्याकडून कोणाची काही अपेक्षाच नव्हती. लान्सवर मात्र पहिल्या दिवसापासून तीन वर्षांच्या नंबरांचं ओझं होतं. दोघांत कोण जास्त गुणी होता हे कदाचित कधीच कळणार नाही, कारण दोघांना सारखी परीक्षा मिळालीच नाही.

म्हणून माझं मत असं. नंबर विकत घेणं हा काही गुन्हा नाही. पण आधी घर उभं करावं. पुढे संरक्षण करणारे, चेंडू झेलणारे, धीर धरणारा प्रशिक्षक, हे सगळं असेल तर पुंजीतला एक हिस्सा मोडून मुलगा आणावा. घर रिकामं असताना सगळी पुंजी एका माणसावर लावली की तो माणूसही बुडतो आणि घरही. आणि एकदा किंमत मोजली की ती विसरून जावी. गेलेला पैसा परत येत नाही, मग त्याच्या वसुलीसाठी दुखऱ्या गुडघ्याच्या मुलाला मैदानात कशाला उभं करायचं?

हे वाचताना आपल्या घरातली वाक्यं आठवली तर दचकू नका. "तुझ्या क्लासला एवढे लाख भरले", "तुला परदेशी पाठवायला फ्लॅट गहाण टाकला" अशी वाक्यं रागाच्या भरात सहज तोंडातून जातात. फी आपण ठरवून भरलेली असते, मुलाने मागितलेली नसते. त्याच्या मार्कांपुढे तो आकडा लिहिला की तो अभ्यास कमी करतो आणि आकडाच जास्त मोजतो.

एप्रिलमध्ये पुन्हा ड्राफ्ट होईल. मोठ्या मंचावर एखाद्या मुलाचं नाव पुकारलं जाईल, तो टोपी घालून हसत येईल, शेजारी त्याची आई डोळे पुसत असेल. तुमच्या घरी टीव्ही लागला असेल तर नातवाला एवढंच विचारा, "या मुलाला आणायला संघाने काय काय देऊन टाकलं रे? आणि त्याला शिकवायला, सांभाळायला घरात कोण उरलंय?" नातवाला उत्तर शोधावं लागेल, आणि तेवढ्या वेळात तुमच्या दोघांच्या चार गोष्टी होतील.

जय जिनेंद्र.